पुण्यात घर शोधतेय, सायकलसकट. कुठला भाग बघू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही नाशिकहून पुण्याला येतोय. माझं ऑफिस हिंजवडी फेज १ ला, आठवड्यातून तीन दिवस जावं लागेल. नवऱ्याचं शिवाजीनगरला, रोजचं. मुलगी यंदा पाचवीत. भाड्याने दोन बेडरूमचा फ्लॅट हवाय.

पाणी, शाळा, भाडं, डिपॉझिट ही चौकशी नातेवाइकांकडून झाली. पण एक प्रश्न त्यांना विचारून उपयोग नाही. कुठे राहिलं तर माझं सायकलिंग चालू राहील?

सात वर्षं चालवतेय. शर्यतीत उतरत नाही. आठवड्यात दोन सकाळी २५-३० किलोमीटर, रविवारी ६० ते ८०. मागच्या वर्षी २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली, त्याचा आनंद अजून आहे. नाशिकला गंगापूर रोडला राहते. पहाटे साडेपाचला खाली उतरलं की थोड्याच वेळात सोमेश्वर मागे पडतं आणि धरणाकडचा रस्ता सुरू होतो. एखाद्या दिवशी वेळ असला तर त्र्यंबक. या गावात सायकलवाल्यांना मान आहे. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका ही देश ओलांडणारी सायकल शर्यत) पूर्ण केली, त्यानंतर आमच्या सोसायटीतल्या चार जणांनी तरी सायकल घेतली असेल.

पुण्यातल्या भावाने वाकड, बावधन, पाषाण-सूस रोड आणि निगडी प्राधिकरण अशी चार नावं दिली आहेत. तो स्वतः सायकल चालवत नाही. तुम्ही कुठे राहता, घरातून बाहेर पडल्यावर मोकळा रस्ता लागायला किती वेळ लागतो, ते सांगाल का?

---

पाषाणकर

ताई, डोळे मिटून पाषाण. तलाव जवळ, झाडी आहे, पंचवटी आणि अभिमानश्रीच्या बाजूचे रस्ते सकाळी शांत असतात. सूस खिंड ओलांडली की नांदे, चांदे, पुढे घोटावडे फाटा, तिथून पिरंगुटला येऊन भूगाववरून परत. हा फेरा मी गेली नऊ वर्षं करतोय, अजून कंटाळा आला नाही. हिंजवडीही बाणेर-बालेवाडीमार्गे जवळ.

---

घाटमाथा

पाषाण चांगलंच आहे, पण 'डोळे मिटून' म्हणायला मी तयार नाही. गेल्या अकरा वर्षांत पुण्यात चार घरं बदलली: वारजे, धायरी, बावधन आणि आता परत वारजे. चारही वेळा सायकल डोक्यात ठेवून घर घेतलं आणि त्यात दोनदा चुकलो. का चुकलो ते सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा नकाशा पाहिला. धायरीहून सिंहगड जवळ, खडकवासला तर शेजारीच, म्हणून हुरळून घर घेतलं. गोळेवाडी नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण आठ-नऊ किलोमीटरचा चढ आहे आणि गड १३०० मीटरच्या वर. पायांना याहून चांगली शाळा पुण्यात नाही. आठवड्यातून दोनदा गडावर जाईन असं ठरवलं होतं. जाताना अडचण यायची नाही. यायची ती परत येताना. शनिवार-रविवारी सकाळी आठनंतर सगळं पुणं गडाकडे आणि खडकवासल्याच्या चौपाटीकडे निघतं, आपण त्याच्या उलट दिशेने, अरुंद रस्त्यावर, समोरून ओव्हरटेक करत येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर. एका रविवारी एका गाडीने मला थेट कडेच्या खडीत उतरवलं. खांदा सहा आठवडे बांधून होता. त्यानंतर मी मोजमापच बदललं.

आता घर बघताना मी फक्त दोन गोष्टी बघतो. घरापासूनचे पहिले पाच किलोमीटर पहाटे कसे आहेत, आणि तेच पाच किलोमीटर सकाळी नऊला कसे आहेत. मधला रस्ता कितीही सुंदर असो, ही दोन टोकं वाईट असतील तर तीन महिन्यांत सायकल बाल्कनीत जाते. माझी गेली होती.

पुण्याच्या पश्चिमेला राहणाऱ्याने आणखी एक बघायचं. कात्रज ते देहूरोड हा मुंबई-बंगळूर बायपास शहराची पश्चिम कडा कापत जातो. तुमच्या चारही जागा त्याच्या अल्याड नाहीतर पल्याड येतात. घर शहराच्या बाजूला असेल तर प्रत्येक राईडला तो ओलांडायचा. कुठून ओलांडणार, ते ठिकाण आधी शोधा. भुयारी मार्ग आहे की पूल, पावसात तिथे पाणी साचतं का, सर्व्हिस रोडवरून उलट्या दिशेने किती वाहनं येतात. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवं पुलांचं जाळं सुरू झालं. मोटारींची सोय झाली, पण सायकलवाल्याला योग्य रॅम्प सापडेपर्यंत दोन-तीनदा जाऊन यावं लागतं. आणि नवले पुलाकडचा तो लांब उतार तर कुठल्याही कारणासाठी सायकलने घेऊ नका. तिथे ब्रेक निकामी झालेले ट्रक काय करतात ते दर काही महिन्यांनी पेपरात वाचतोच.

बावधनमध्ये असताना पौड रोडचा हाच अनुभव. पिरंगुटपुढे मुठा, टेमघर, लवासाचा चढ, नाहीतर सरळ पौड, मुळशी, ताम्हिणी. स्वर्ग आहे. पण त्या स्वर्गाच्या दाराशी भूगाव आहे, आणि भूगावात नऊ वाजता सायकलही हलत नाही.

---

चकचकीत_चेन

+१, पहिले पाच किलोमीटर. हे वाचायला मी फार उशिरा आलो.

---

साडेपाचची

गोदाकाठ, तू बाई आहेस म्हणून वेगळं लिहिते. वरच्या कुणी मुद्दाम टाळलं असेल असं नाही, पण त्यांना ते दिसत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सात वाजेपर्यंत नीट उजेड नसतो. ऑफिसच्या दिवशी साडेपाचला निघावंच लागतं, म्हणजे जवळजवळ पूर्ण राईड अंधारात. त्यामुळे माझ्यासाठी पहिला प्रश्न असतो की पहिले दहा किलोमीटर दिवे आहेत का आणि त्या वेळी रस्त्यावर माणसं असतात का. दूधवाले, चालायला निघालेल्या आजी-आजोबांच्या जोड्या, उघडलेली एखादी चहाची टपरी. ही माणसं असलेला रस्ता मी कंटाळवाणा असला तरी घेते. सुंदर आणि निर्मनुष्य रस्ता रविवारी, चार जणांबरोबर. बोपदेव घाट मला अतिशय आवडतो, पण अंधारात एकटीने मी कधीही जात नाही आणि कुणी जाऊ नये असंच सांगेन.

दुसरं, कुत्री. नव्या वस्तीच्या कडेला, जिथे बांधकामं चालू आहेत आणि कचरा उघड्यावर पडतो, तिथे पहाटे आठ-दहांची टोळी असते. दोघी-तिघी असलो तर उतरून सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये धरून चालत जातो. रोज हे करायला लागलं तर मन उडतं. घर बघायला जाशील तेव्हा दुपारी जाऊ नकोस, पहाटे जा.

आणि इमारतीच्या वॉचमनशी बोल. साडेपाचला फाटक उघडतो का, ते विचार. माझ्या आधीच्या सोसायटीत सहाच्या आत फाटक उघडायचं नाही असा नियम होता. मी वर्षभर भांडले आणि शेवटी घर बदललं.

---

गोदाकाठ

साडेपाचची, फाटकाची गोष्ट मला सुचलीच नसती. मनापासून आभार.

घाटमाथा, तुमचा खांदा आता बरा आहे ना? पहाटे आणि नऊ वाजता, दोन्ही वेळा बघायचं हे लिहून ठेवलं.

सायकल घरात ठेवण्याबद्दल कुणी सांगेल का? इथे आम्ही तळमजल्यावर आहोत.

---

चकचकीत_चेन

सायकल घरातच. पार्किंगमध्ये कितीही जाड कुलूप लावा, चांगली सायकल राहत नाही. फ्लॅट बघताना मोजपट्टी न्या. साधी रोड बाईक साधारण १७० सेंटिमीटर लांब असते. लिफ्ट लहान असेल तर ती पुढचं चाक वर करून उभी न्यावी लागते. काही सोसायट्यांत माणसांच्या लिफ्टमधून सायकल न्यायला मनाई आहे, सामानाची लिफ्ट सकाळी बंद. भाडेकरार करण्याआधी हे कमिटीकडून लेखी घ्या. तोंडी 'चालेल हो' पुढच्या कमिटीत चालत नाही. आणि कोरडी बाल्कनी बघा. जुलैत पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस आत येतो, चेन आठवड्यात तांबडी होते.

---

हडपसरवासी

सगळे पश्चिमेचंच लिहितायत, म्हणून पूर्वेची बाजू मांडतो. ऑफिस हिंजवडी असताना तुम्ही हडपसर-खराडीला राहू नये हे मान्य. पण पुण्यात सायकल चालवायची तर हवामानाची दिशा माहीत हवी.

जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. पाषाण, बावधन, निगडीची माणसं पश्चिमेला निघतात, म्हणजे जाताना समोरून वारा आणि दमून परत येताना पाठीवर. आमचं उलटं. थेऊर-उरुळीकडे जाताना पक्षी झाल्यासारखं वाटतं आणि परत येताना मांड्या पेटतात. मात्र पाऊस आमच्याकडे फार कमी. पश्चिमेला एकेका खिंडीमागे पाऊस वाढत जातो. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर, ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट. जुलैत तुमच्याकडचे लोक खिडकीत बसलेले असतात तेव्हा आम्ही सासवड, जेजुरी, तुळापूर करून येतो. बोपदेव चढून भिवरी, सासवड आणि दिवे घाटाने खाली हडपसर हा पुण्यातला सर्वांत चांगला फेरा आहे असं माझं ठाम मत आहे. फक्त पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचं काम दिवे घाटात कुठवर आलंय ते विचारून निघायचं.

ऊन हाही मुद्दा आहे. पश्चिमेला जाणारा सकाळी परत येतो तेव्हा सूर्य समोर. तुम्हाला दिसत नाही ते एक, पण मागून येणाऱ्या ड्रायव्हरलाही तुम्ही दिसत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

---

निगडी_सेक्टर

चार नावांपैकी प्राधिकरणाबद्दल अजून कुणीच लिहिलं नाही, याचं आश्चर्य वाटलं. मी २४ वर्षं इथे आहे.

हे आखून वसवलेलं गाव आहे. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झालं, सेक्टर पाडून रस्ते केले, झाडं लावली. ती झाडं आता मोठी आहेत. आतले रस्ते रुंद, दिवे आहेत, पहाटे पाचपासून दुर्गा टेकडीवर जाणारी माणसं दिसतात. साडेपाचची यांनी लिहिलेली दूधवाले, आजी-आजोबा ही सगळी मंडळी इथे आहेत.

भक्ती-शक्ती चौकातून बाहेर पडलात की जुना मुंबई-पुणे महामार्ग. देहूरोडपुढे सोमाटणे फाटा १२ किलोमीटरच्या आसपास, तिथून डावीकडे परंदवडीमार्गे पवनेच्या खोऱ्यात. सरळ गेलात तर तळेगाव, कामशेत, लोणावळा. लोणावळा एका बाजूने साधारण ४० ते ४५. जुन्या महामार्गाला बरीच मोठी कड आहे, ट्रक असतात, पण अंगावर येत नाहीत. एक सांभाळायचं: किवळ्याच्या बाजूने जाताना एक्स्प्रेसवेचा फाटा चुकून घेऊ नका, तिथे सायकलला बंदी आहे. आणि तळेगाव-चाकण रस्ता कधीच नको, तो सगळा कंटेनरांचा आहे.

ऑफिस असेल त्या दिवशी आमचा लहान फेरा असतो. रावेत, गहुंजे स्टेडियम, शिरगाव आणि परत. दोन तासांत घरी.

तुमच्या नवऱ्यासाठी आकुर्डी स्टेशन. लोणावळा-पुणे लोकल थेट शिवाजीनगरला जाते. नाहीतर पिंपरीहून मेट्रो.

---

पाषाणकर

निगडीकर, सगळं खरं. पण चढ? सपाटीवर किती दिवस रमणार त्या?

---

निगडी_सेक्टर

भाजे गावातून लोहगडवाडीचा चढ एकदा करून या, मग बोलू. पवनानगरहून दुधिवरे खिंड चढून लोणावळ्याला उतरायचं आणि महामार्गाने परत, हा पावसाळ्यातला फेरा मी दरवर्षी पाहुण्यांना दाखवतो. पण सिंहगड इथून लांब आहे, हे मी लपवणार नाही. जाऊन-येऊन मोठा दिवस होतो आणि सगळं शहर ओलांडावं लागतं.

---

पेठेतला

माझं वय ७१. तरुणपणी सदाशिव पेठेतून सायकलवर फर्ग्युसन कॉलेजला जायचो. पुणं सायकलींचं शहर होतं हे तुम्ही ऐकलंय, आम्ही ते पाहिलंय. सकाळी लक्ष्मी रोडवर घंट्यांचा आवाज भरून राहायचा. २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला तेव्हा मी खूप आशेने तो वाचला होता. आज जे ट्रॅक आहेत त्यांच्यावर मोटारी आणि टपऱ्या उभ्या असतात, मध्येच ट्रॅक संपतो. म्हणून मुली, 'सायकल ट्रॅक असलेला भाग' असं जाहिरातीत लिहिलेलं असेल तर त्यासाठी एक रुपयाही जास्त भाडं देऊ नकोस.

तुझी मुलगी चालवते का सायकल? तिच्यासाठी आत फिरता येतील असे रस्ते बघ. आईच्या मागे ती सुटली पाहिजे.

---

गोदाकाठ

काका, चालवते. हिवाळ्यात गंगापूर धरणापर्यंत आली होती माझ्याबरोबर. तिचा विचार तुम्ही केलात, बरं वाटलं.

---

घाटमाथा

आणखी एक उपाय. स्ट्राव्हा या राईड नोंदवायच्या ॲपवर हीटमॅप आहे, लोक कुठे सायकल चालवतात ते त्यात उजळ रेषांनी दिसतं. शोधताय त्या भागावर नकाशा मोठा करा. घराच्या गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत रेषा जाते का ते बघा. जात नसेल तर तिथे राहणारे सायकलवाले एक तर नाहीत, नाहीतर गाडीवर सायकल बांधून बाहेर जातात. दोन्ही लक्षणं वाईट. पण त्या रेषा वेळ सांगत नाहीत, तेव्हा पहाट आणि नऊ वाजता स्वतः जाणं सुटत नाही.

आणि वाकड यादीतून काढा. ऑफिस जवळ, सोयी भरपूर, पण सकाळी आठपासून तिथून कुठल्याही दिशेला सायकलने निघणं म्हणजे हिंजवडीच्या गर्दीत मिसळणं. माण, मारुंजी, कासारसाईचा फेरा छान आहे, पण त्या रस्त्यांवर आठवडाभर डंपर आणि सिमेंटचे मिक्सर चालतात. रविवार सोडून त्याचा विचार नको.

---

साडेपाचची

वाकडबद्दल सहमत. मी तीन वर्षं काढली तिथे. राईडपेक्षा सिग्नलच जास्त लक्षात आहेत.

---

गोदाकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. दोन शनिवार-रविवार आणि दोन सोमवार पुण्यात काढले, सायकल गाडीत घालून नेली. भावाकडे राहिले. पहाटे पाचला त्याच्या बायकोने चहा करून दिला, तिचे उपकार कसे फेडू कळत नाही.

बावधन पहिल्याच सकाळी गेलं. घर खूप आवडलं होतं, खिडकीतून डोंगर दिसत होता. जाताना पिरंगुट आणि पुढे मुठ्यापर्यंत मस्त गेले. परत येताना भूगावात अडकले, एक बस आणि एक टँकर यांच्या मधल्या फटीत पाय टेकून उभी होते. तेव्हाच ठरलं.

पाषाणला दोन दिवस दिले. पाषाणकर, तुमचा फेरा सुंदर आहे. चांदे-नांदेच्या मध्ये शेतात धुकं होतं, एका वळणावर मी मुद्दाम थांबले. सूस रोडच्या फ्लॅटपासून शेत दिसायला २२ मिनिटं लागली. पण सोमवारी सकाळी पावणेनऊला परत येताना सूस खिंडीचा चढ आणि शाळांच्या बसेस एकाच वेळी आल्या. शेवटचे चार किलोमीटर मी सायकल चालवत नव्हते, फक्त स्वतःला वाचवत होते. शिवाय त्या इमारतीत सायकल लिफ्टमधून न्यायची नाही, सातवा मजला.

प्राधिकरणात शनिवारी पहाटे सव्वापाचला एकटी निघाले. गेल्या गेल्या वॉचमनने फाटक उघडलं आणि 'कुठवर ताई?' विचारलं. सेक्टरमधले दिवे लागलेले, बरीच माणसं चालत होती. रावेत, गहुंजे, शिरगाव. शेत लागायला ३१ मिनिटं, म्हणजे पाषाणपेक्षा नऊ जास्त. मी थोडी हिरमुसले. पण नऊला परत आले तेव्हा त्या रस्त्यांवर फार फरक पडला नव्हता. झाडांची सावली होती आणि मी घाबरलेली नव्हते. सोमवारी पुन्हा तोच फेरा करून पाहिला, तसाच शांत.

आकुर्डी स्टेशनपासून चालत नऊ मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळालाय. जिना रुंद आहे, सायकल खांद्यावर नेईन. कमिटीने लेखी दिलंय. नवरा लोकलच्या वेळा पाठ करतोय. हिंजवडीला जाताना पुनावळ्याकडची गर्दी लागेल, ती तीन दिवस सोसायची. सिंहगड लांब पडेल, याचं मात्र खरंच वाईट वाटतंय. गड माझ्या यादीत सगळ्यात वर होता.

---

घाटमाथा

खांदा उत्तम आहे, विचारलंत म्हणून सांगतो. सिंहगडासाठी आदल्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला या, मुलीलाही आणा. वारज्याहून पहाटे निघून आठच्या आत खाली उतरू.

---

निगडी_सेक्टर

स्वागत! १५ जूननंतरच्या पहिल्या रविवारी भक्ती-शक्तीला साडेपाच. पवना धरणाकडे जाऊ, पाऊस असला तरी. चिखलाचे मडगार्ड लावून या.

---

गोदाकाठ

दोन सायकली येतील. मुलगी म्हणतेय सोमाटण्यापर्यंत तीही. तिथून तिचा बाबा गाडीने घेऊन जाईल.